कायद्याच्या शाळेचे दार



आमच्यासारख्या युनियनच्या माणसाने कायद्याच्या शिक्षणावर बोलावे, आणि तेही अमेरिकेतल्या, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आम्ही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. गेटसभा आटोपल्यावर रात्री वाचलेली पुस्तके आणि लेबर कोर्टाचा बाक, एवढीच आमची विद्या. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराच्या वतीने युनियनच्या पदाधिकाऱ्याला कोर्टात उभे राहण्याची मुभा होती, आणि तिचा फायदा घेऊन आम्ही बरीच वर्षे उभे राहिलो. तेथे एक गोष्ट पक्की समजली. कायदा कागदावर सर्वांचा असतो. पण आपल्या बाजूने बोलणारा माणूस नसेल, तर तो कागद आपल्या उपयोगी पडत नाही. म्हणून एखाद्या समाजाला वकीलच मिळू नयेत अशी व्यवस्था कशी होते आणि ती कशी मोडली जाते, हा आमच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. त्याचा सर्वांत बोलका इतिहास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांचा आहे.

प्रथम हे लक्षात घेऊ, की वकिली हाही एक धंदा आहे आणि प्रत्येक धंद्याला दारे असतात. वकिलीला तीन आहेत. पहिले शाळेचे, दुसरे सनदेचे आणि तिसरे अशिलाचे. पहिली दोन दारे ओलांडूनही तिसऱ्याशी अडलेला वकील उपाशीच मरतो.

मॅकन बोलिंग ॲलन या कृष्णवर्णीय गृहस्थाला 1844 साली मेन राज्यात वकिलीची सनद मिळाली. गुलामगिरी जाण्यापूर्वी वीस वर्षे! पण एखाद्या माणसाने दार ओलांडणे निराळे आणि समाजासाठी दार उघडणे निराळे. यादवी युद्ध संपल्यावर वॉशिंग्टन शहरात हॉवर्ड विद्यापीठ निघाले आणि 1869 साली त्याच्या कायदा विभागाचे वर्ग सुरू झाले. जॉन मर्सर लँगस्टन हे त्याचे पहिले प्रमुख. वर्ग संध्याकाळी भरत, कारण शिकणारे दिवसा पोटामागे असत. याच विभागातून 1872 साली शार्लट रे ही तरुणी पदवी घेऊन बाहेर पडली. अमेरिकेतली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री वकील. तिने वॉशिंग्टनमध्ये कचेरी थाटली. तिच्या बुद्धीबद्दल कोणाला शंका नव्हती, पण अशिले येईनात. शेवटी कचेरी बंद करून ती न्यूयॉर्कला परतली आणि शाळेत मुलांना शिकवू लागली. तिसरे दार म्हणतात ते हे.

वकिलांची संघटनाही काही निराळी वागली नाही. अमेरिकन बार असोसिएशनने 1912 साली तीन कृष्णवर्णीय वकिलांना नकळत सभासद करून घेतले. वर्ण उघड झाला तेव्हा गदारोळ उठला. त्या तिघांना राहू दिले, पण पुढे अर्जावर वंश लिहिलाच पाहिजे असा दंडक घातला. या पंक्तिभेदाला उत्तर म्हणून 1925 साली आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरी कृष्णवर्णीय वकिलांनी आपली निराळी संघटना काढली, ती नॅशनल बार असोसिएशन. सभासदत्व वर्णावर अवलंबून नाही असा ठराव जुन्या संघटनेने केला तो 1943 साली.

आता या इतिहासातल्या मुख्य पुरुषाकडे येऊ. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांचा जन्म 1895 चा. पहिल्या महायुद्धात ते लष्करी अधिकारी होते. तेथे गोऱ्या अधिकाऱ्यांकडून झालेला अपमान त्यांच्या मनात रुतून बसला आणि परत आल्यावर कायदा शिकायचा हे त्यांनी ठरवले. हार्वर्डमधून 1922 साली त्यांनी पदवी घेतली. तेथील कायदा-नियतकालिकाच्या संपादक मंडळावर निवडले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. 1929 साली हॉवर्डच्या कायदा विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

ह्यूस्टन यांचा विचार सरळ होता. परक्याने दया येऊन चालवलेला खटला एकदा जिंकता येईल. पण पंचवीस वर्षे चालणारी लढाई लढायची तर वकील आपल्या घरचे हवेत, आणि समोरच्यापेक्षा तयारीचे हवेत. वकील हा एक तर समाजाची घडी बदलणारा कारागीर असतो, नाही तर समाजाच्या अंगावर जगणारे बांडगूळ, असे ते विद्यार्थ्यांना बजावीत. त्यांनी अभ्यासक्रम कडक केला, दिवसाची पूर्ण वेळ शाळा उभी केली, आणि 1931 साली तिला बार असोसिएशनची मान्यता मिळवली.

मात्र त्यासाठी त्यांनी संध्याकाळचे वर्ग बंद केले. दिवसा नोकरी करून शिकणाऱ्यांची वाट त्यामुळे बुजली, आणि त्यावर त्या काळी पुष्कळ ओरड झाली. रात्रीच्या दिव्याखाली शिकलेल्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट टोचल्यावाचून राहत नाही. मान्यता नसलेल्या शाळेच्या पदवीचे वजन कमी पडे, हे खरे. पण दर्जा वाढवताना गरिबाची पायरी काढून घ्यावी लागते काय, हा प्रश्न तेथे उभा राहिला. तो आजही सुटलेला नाही.

याच शाळेत बाल्टिमोरचा थर्गुड मार्शल शिकला. बाप आगगाडीच्या भोजनडब्यात वाढपी, आई शिक्षिका. मेरीलँड राज्याची कायद्याची शाळा त्याच्याच गावात होती, पण ती गोऱ्यांची. म्हणून तो रोज गाडीने वॉशिंग्टनला जाई. प्रवेशाच्या पैशांसाठी आईने आपल्या लग्नाच्या अंगठ्या गहाण टाकल्या. आपल्याकडे मुलाच्या फीसाठी मंगळसूत्र मोडणाऱ्या आया आपण पाहिल्या आहेत. त्यांना ही बाई परकी वाटणार नाही. 1933 साली मार्शल वर्गात पहिला आला.

पुढे गुरुशिष्यांनी मिळून जी आघाडी उघडली, ती कायद्याच्या शाळांवरच. असे का, हे समजून घेण्याजोगे आहे. त्या काळी ‘वेगळे पण समान’ हे कायद्याचे सूत्र होते. राज्याने कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवावे, पण सोयी सारख्या द्याव्यात. प्राथमिक शाळांत ही समानता तपासायची तर गावोगावी पुरावा गोळा करावा लागेल. पण कायद्याची शाळा राज्यात एकच असे, आणि कृष्णवर्णीयांसाठी मुळीच नसे. म्हणजे ‘समान’ हा शब्द तेथे उघडाच पडत होता. शिवाय न्यायाधीश स्वतः कायद्याच्या शाळेतून आलेले. चांगली शाळा कोणती आणि नावाची शाळा कोणती, हे त्यांना शिकवावे लागत नव्हते. आणि तरुण वकील निर्माण झाले की पुढच्या लढाईला शिपाई मिळणार होते.

पहिला दावा मेरीलँडचाच. डोनाल्ड मरी या पदवीधराला वर्णामुळे प्रवेश नाकारला होता. ह्यूस्टन आणि मार्शल यांनी 1935 साली बाल्टिमोरच्या कोर्टात तो दावा जिंकला, वरच्या कोर्टाने 1936 च्या जानेवारीत निकाल कायम केला, आणि 1938 साली मरी पदवी घेऊन बाहेर पडला. ज्या शाळेचे दार मार्शलसाठी बंद होते, ते त्याने दुसऱ्यासाठी उघडले.

मिसुरी राज्यात मात्र निराळे घडले. लॉइड गेन्स या तरुणाला राज्याने सांगितले, की तू शेजारच्या राज्यात जाऊन शीक, फी आम्ही भरतो. 1938 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बुजवली. गोऱ्याला राज्यात शिक्षण मिळते तर कृष्णवर्णीयालाही राज्यातच मिळाले पाहिजे, असा निकाल दिला. तेव्हा राज्याने सेंट लुईसमध्ये केशप्रसाधनाच्या एका जुन्या विद्यालयाच्या इमारतीत घाईघाईने वेगळी कायद्याची शाळा काढली. तिच्यावर पुन्हा लढायचे होते. पण 1939 च्या मार्चमध्ये एका संध्याकाळी गेन्स शिकागोत टपालाची तिकिटे आणायला म्हणून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. त्याचे काय झाले हे कधीच उलगडले नाही. वादीच नाही म्हणून दावा निकालात निघाला. युनियनच्या कामात ज्यांनी एकट्या साक्षीदारावर भिस्त ठेवून केस चालवली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्यानंतर ओक्लाहोमा. एडा सिप्युएल या तरुणीचा दावा 1948 साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने दिला. राज्याने काय करावे? विधिमंडळाच्या इमारतीत काही खोल्या मोकळ्या करून तिच्या एकटीसाठी ‘कायद्याची शाळा’ काढली! तिने तेथे पाऊल टाकायचे नाकारले. 1949 साली विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा वर्गात सर्वांच्या मागे तिची वेगळी खुर्ची मांडली होती आणि तिच्यावर ‘कलर्ड’ अशी पाटी होती. उपाहारगृहातही तिची जागा साखळी लावून अलग केलेली. शाळेच्या पडवीत बसून शिकलेल्या आपल्याकडच्या मुलांची आठवण कोणाला होणार नाही? सिप्युएलने पदवी मिळवली, आणि 1992 साली त्याच विद्यापीठाच्या नियामक मंडळावर तिची नेमणूक झाली.

टेक्सासमधला दावा आम्हाला सर्वांत जवळचा, कारण वादी युनियनचा माणूस होता. हेमन स्वेट हा ह्यूस्टन शहरातला पोस्टमन, आणि कृष्णवर्णीय टपाल कामगारांच्या संघटनेचा स्थानिक चिटणीस. टपाल खाते कृष्णवर्णीयांना वरच्या जागांवर चढू देत नसे. त्याविरुद्धची कागदपत्रे तयार करता करता त्याला कायद्याची गोडी लागली, आणि 1946 च्या फेब्रुवारीत त्याने टेक्सास विद्यापीठाच्या कायदा शाळेत अर्ज टाकला. राज्याने ऑस्टिन शहरी एका इमारतीच्या तळघरात त्याच्यासाठी शाळा उघडली, आणि पुढे ह्यूस्टन शहरात जरा बरी शाळा काढली. खटल्याच्या खर्चासाठी टेक्सासच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतून वर्गणी जमली. विद्यापीठातले काही गोरे विद्यार्थीही स्वेटच्या बाजूने उभे राहिले.

5 जून 1950 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यातले आकडे बोलके आहेत. गोऱ्यांच्या शाळेत 16 पूर्ण वेळ प्राध्यापक, 850 विद्यार्थी आणि 65,000 ग्रंथ; कृष्णवर्णीयांच्या शाळेत 5 प्राध्यापक, 23 विद्यार्थी आणि 16,500 ग्रंथ. पण न्यायालय आकड्यांवर थांबले नाही. शाळेचा लौकिक, जुन्या विद्यार्थ्यांचे वजन, आणि ज्यांच्याबरोबर पुढे धंदा करायचा त्यांच्याशी होणारा विचारविनिमय, या गोष्टी मोजता येत नाहीत, पण वकील घडतो तो त्यांतच, असे न्यायालयाने म्हटले. राज्यातली शेकडा 85 वस्ती, म्हणजे उद्याचे बहुतेक वकील, साक्षीदार, ज्यूरी आणि न्यायाधीश ज्या शाळेबाहेर ठेवले आहेत, ती शाळा समान कशी? येथे ‘वेगळे पण समान’ या सूत्राचा पाया हलला आणि चार वर्षांनी, 1954 साली, सार्वजनिक शाळांच्या बाबतीत ते कोसळले. ह्यूस्टन यांना मात्र हा निकालही पाहायला मिळाला नाही. ते 1950 च्या एप्रिलमध्येच वारले होते.

स्वेटचे पुढे काय झाले? चार वर्षांच्या ताणाने त्याची प्रकृती खालावली होती. शाळेत शिरल्यावर आजारपण आले, अभ्यास मागे पडला, संसार मोडला, आणि 1952 साली पदवी न घेताच तो बाहेर पडला. पुढे समाजकार्याची पदवी घेऊन त्याने आयुष्यभर लोकांचे काम केले. ज्या कोर्टात त्याचा दावा प्रथम चालला, त्या ऑस्टिनच्या न्यायमंदिराला 2005 साली त्याचे नाव देण्यात आले. वकील मात्र तो झाला नाही. ज्याच्या नावाने दार उघडते त्यालाच आत सुखाने बसायला मिळते असे नाही. लढाईत पुढे केलेल्या माणसाचे पुढे काय होते, याची जबाबदारी लढाई चालवणाऱ्यांनी घ्यायची असते. हे आम्ही संपांच्या इतिहासावरूनही म्हणतो.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती युनियनच्या माणसाने सांगितली नाही तर अप्रामाणिकपणा होईल. दक्षिणेतल्या रेल्वेत इंजिनात कोळसा मारणाऱ्या फायरमन लोकांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने असत. काम धगीचे आणि धुराचे, म्हणून गोऱ्यांना नको असे. यंत्राने कोळसा पडू लागला, डिझेल इंजिने आली, काम सुसह्य झाले, तेव्हा तेच काम गोऱ्यांना हवेसे झाले. फायरमन लोकांची जी मान्यताप्राप्त युनियन होती, ती कृष्णवर्णीयांना सभासद करून घेत नव्हती. पण कायद्याने वाटाघाटी करण्याचा अधिकार सर्वांच्या वतीने तिलाच होता. तिने 1941 साली कंपन्यांशी करार करून कृष्णवर्णीयांच्या जागा कमी करत नेण्याची सोय केली. अलाबामातल्या बेस्टर स्टील या फायरमनची चांगली गाडी काढून ती त्याच्याहून कमी नोकरी झालेल्या गोऱ्यांना दिली. मालकाने नव्हे हो, युनियनने त्याच्या पोटावर पाय दिला!

स्टीलचा खटला कोणी चालवला? ह्यूस्टन यांनी. 1944 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जी युनियन सर्वांच्या वतीने बोलते तिने सभासद नसलेल्यांचेही हित भेदभाव न करता पाहिले पाहिजे. अमेरिकेतल्या कामगार कायद्याचा तो तेव्हापासून एक आधारस्तंभ झाला. सभासदत्व मात्र त्या निकालानेही मिळाले नाही. पण विचार करा, 1944 साली त्या फायरमनच्या पाठीशी असा वकील नसता, तर तो कोणाकडे गेला असता? युनियनकडे? तिनेच तर त्याला बाहेर काढले होते.

हे सारे अमेरिकेतले, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, पगार चांगला. पण तेथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याला थुंकी लागे, एवढे कारण! अडवणारे गिरणीमालक नव्हते; बाजूच्या साच्यावरचे सवर्ण कामगार होते. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी ही मागणी घालायला लावली, आणि 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी युनियनवाल्यांना याचा जाब विचारला.

बाबासाहेब स्वतः तिन्ही दारांशी झगडलेले. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती आणि शाहू महाराजांचे साहाय्य नसते, तर परदेशातले शिक्षण अवघड होते. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन 1923 साली ते मुंबईत वकिली करू लागले, तेव्हा मिळकतीत भागेना म्हणून त्यांना एका हिशेब-शिक्षणसंस्थेत कायदा शिकवावा लागला. पुढे 1935 साली ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि 1956 साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ लॉ कॉलेज निघाले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यावर त्यांची नजर होती. 1946 साली त्यांनी त्या लढ्यातले विद्वान ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. शाळा आपली असावी, हा विचार दोन्हीकडे एकच.

अमेरिकेत निकाल लागले, पण वर्ग भरले नाहीत. 1960 नंतरच्या दशकातही वकिलांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा एकाच्या जवळपास रेंगाळत होते. दार उघडे, पण पायऱ्या उंच. फी होती, 1948 पासून सुरू झालेली प्रवेशपरीक्षा होती, आणि घराण्यात कोणी वकील पाहिलेला नव्हता. तेव्हा 1967 साली न्यू मेक्सिको विद्यापीठात मूळच्या अमेरिकन जमातींच्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग निघाले. 1968 साली वकिलांच्या दोन्ही संघटना आणि कायद्याच्या शाळा यांनी मिळून ‘क्लिओ’ या नावाने ओळखली जाणारी योजना काढली. कॉलेज संपल्यावर सहा आठवडे मुलांना निवाडे वाचायला, मुद्दे काढायला आणि लिहायला शिकवायचे, आणि पुढे शिकताना पैशांचा हातभार लावायचा. 1912 साली अर्जावर वंश लिहायला लावणारी संघटना यात होती, हेही नमूद केले पाहिजे. मार्शल 1967 साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेच होते; केतांजी ब्राउन जॅक्सन या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायमूर्ती 2022 साली झाल्या.

पण मिळवलेले टिकतेच असे नाही. प्रवेश देताना वर्णाचा विचार करावा की नाही, यावर दावे सुरू झाले. 1996 साली एका अपील न्यायालयाने टेक्सासच्या त्याच शाळेला तसा विचार करण्यास मनाई केली. 1997 साली स्वेटच्या शाळेत पहिल्या वर्षाला फक्त चार कृष्णवर्णीय विद्यार्थी आले. 2003 साली मिशिगनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मर्यादित मुभा दिली, आणि 2023 च्या जूनमध्ये ती बहुतांशी काढून घेतली. वकिलांतले कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास आहे. लोकसंख्येत ते त्याच्या दुपटीहून जास्त आहेत.

श्रोतेहो, या इतिहासातून आम्ही इतकेच घेतो. निकालाने कुलूप निघाले. पण माणसे आत नेण्याचे काम अंगठ्या गहाण टाकणाऱ्या आईने केले, वस्त्यांतून वर्गणी देणाऱ्यांनी केले, उन्हाळ्याच्या सुटीत शिकवणाऱ्या मास्तरांनी केले. आपल्या शहरातही कायद्याच्या वर्गात बसलेली अशी मुले-मुली असतील, ज्यांच्या घरात कोर्टाचा कागद आला तर तो आरोपी म्हणून किंवा बेदखलीची नोटीस म्हणूनच आला आहे. त्यांना पुस्तके लागतात, सनद घेताना फी लागते, आणि सनद मिळाल्यावर पहिली दोन वर्षे कोणा ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत बसायला एक खुर्ची लागते. या सभागृहात वकील मंडळी आहेत, व्यापारी आहेत, युनियनचे लोकही आहेत. ती खुर्ची कोण देणार, एवढे ठरवून आपण उठलो, तर आजचे व्याख्यान वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही.